बारीक दांडा

जुन्या मोटारीच्या स्टिअरिंगचे दोन दांडे टेबलावर शेजारी शेजारी होते. एक बारीक, एक जाड.

"पहिल्या गाड्यांना बारीक होता. वळणावर तुटायला लागला, मग कंपनीनं जाड केला," ह्यांनी सांगितलं आणि बारीकच पुसून आमच्या गाडीला बसवायला घेतला.

"अहो, जाड बसवा ना."

"छे! हा ओरिजिनल. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात मार्क ह्यालाच मिळतात."

कारखान्यात चूक सुधारली. पण आधीच रस्त्यावर आलेल्यांचं काय? मीही थोरली. आईबाबा शहाणे झाले ते धाकट्या बहिणीच्या वेळी. माझ्यात काय बारीक राहून गेलं असेल?

रविवारी मुलं पळत जाऊन गाडीत बसतात. मी मधे बसते. घाटाचं वळण आलं की दोघांचे हात घट्ट धरते.

"आई, दुखतंय!"