मखमली सीट आणि नवेगावचा रस्ता

जांभळं मखमली कव्हर, कडेला सोनेरी झालर आणि मधोमध एक काळा, कडक डाग. नातीनं माझी जुनी पेटी आवरता आवरता ते दोन बोटांनी उचललं नि म्हणाली, "आजी, हे कोणतं जनावर मेलं?"

मी हातात घेऊन हुंगलं. उंदराचं मूत, जुनं खोबरेल तेल आणि माझं तारुण्य एकदमच नाकात शिरलं. माझ्या पहिल्या सायकलच्या सीटाचं कव्हर ते. त्यावर बसणारी बया मला अजून लख्ख आठवते आणि आठवली की तोंड कडू होतं.

एकोणीस वर्षांची होती. सौंदडला धानशेती करणाऱ्या बापाची लाडकी. दोन वेण्या, डोळ्यांत काजळ, डोक्यात हवा. वडील तिला सायकल घ्यायला गोंदियाला घेऊन गेले. बैल घेताना बघतात तसं त्यांनी सायकलींकडे बघितलं. मागून दाबून पाहिलं, चाक उचलून फिरवलं, चार पावलं चालवत नेली. शेवटी एका काळ्या, जाड टायरच्या, उंच हँडलच्या सायकलीवर हात ठेवून म्हणाले, "हे घे. पाठ सरळ राह्यते. मांगं धानाचा कट्टा बी बसते."

"मी काय धानाचं पोतं आहो?" बया फणकारली.

तिनं घेतली बारीक टायरची लाल लेडीज सायकल. का, तर दुकानाच्या आरशात ती सायकल हिच्या शेजारी छान दिसली. तेवढ्यावरही भागलं नाही. गावातल्या मिस्त्रीकडून हँडल उलटं करून घेतलं, मुठी खाली, कारण कॉलेजातली पोरं तसं करत. टायरात इतकी हवा भरली की दाबणाऱ्याचं बोट दुखावं. सीट पार खाली ठोकून घेतली, वर स्पंज, आणि स्पंजावर हे मखमल.

सीट खाली होती याचा दोष मात्र एकट्या बयेला देता येत नाही. आमच्याकडे बाईमाणसानं सायकलवर जाताना समोर कुणी वडीलधारा दिसला की उतरायचं, सायकल हातात धरून खाली मान घालून त्याच्यासमोरून चालत जायचं आणि तो मागं पडला की परत बसायचं. पारावर चार म्हातारे बसलेले असले की अर्धं गाव पायीच. झटकन उतरता यावं म्हणून बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकले पाहिजेत, हा आईचा हुकूम. माझ्या वयाच्या सगळ्या मुलींच्या सीटा तशाच होत्या. गुडघे पोटात घेऊन आम्ही पॅडल मारायचो आणि त्यालाच सायकल चालवणं समजायचो.

त्या उन्हाळ्यात बयेची जिवाभावाची मैत्रीण लग्न होऊन नवेगाव बांधला गेली. "तुझ्या सासरी मी सायकलनं येतो की नाही पाह्य," अशी फुशारकी बयेनं सगळ्यांसमोर मारली आणि एका सकाळी निघाली. अर्ध्या रस्त्यात पाठ वाकून ताठली, तळहातांना मुंग्या आल्या, गुडघ्यांतून कळा यायला लागल्या. आणि ती मऊ सीट! पहिली दहा मिनिटं गादी. मग त्यात बूड रुततं, घाम मुरतो, कापड सरकतं आणि सालटी निघतात. जंगलातल्या वळणावर बया सायकल टाकून भोकाड पसरून बसली. बसली तरी कशी म्हणा, उकिडवीच.

मागून शेणखताची बैलबंडी आली. बंडीवाल्या बाबानं सायकल खतावर चढवली, आणि हिला बसता येईना म्हणून ही पण खतावर पालथी पडली. अशी स्वारी नवेगावच्या वेशीपर्यंत गेली. तिथं उतरून साडी झटकली, सायकल हातात धरली आणि मैत्रिणीच्या दारात उभी राहून तोंड वर करून सांगितलं, "अवं, टायर फुटलं."

कव्हरवरचा डाग त्या खताचा.

"बापा बापा!" नात नाक धरून म्हणाली. "आजी, तू तर एक नंबरची फेकू होती."

होतेच. आणि त्या दिवसानंतर मी गावाबाहेर सायकल नेली नाही. सासर गावातच मिळालं, त्यामुळे गरजही पडली नाही.

आता मी चौसष्टची. मैत्रीण अजून नवेगावलाच आहे, पण तिचे गुडघे गेले. ती ओसरीच्या खाली उतरत नाही. तिला भेटायचं तर मलाच जायला हवं, आणि त्यासाठी मुलाच्या गाडीची वाट बघायची. "रविवारी पाहू, माय." असे किती रविवार मी साडी बदलून बसून राहिले. एकदा तर मैत्रिणीसाठी केलेल्या करंज्या वाट बघता बघता खवट झाल्या. पोटच्या पोराच्या तोंडाकडे बघत त्याच्या मागं मागं फिरायचं, या गोष्टीची मला शिसारी आली होती. पेटी आवरली त्याच दिवशी जेवताना मी सांगून टाकलं, सायकल घेते आणि नवेगावला जाते.

मुलाला ठसका लागला. "गल्लीत फिरव ना, माय. नवेगाव कायले?"

"तुझा रविवार येत नाही म्हणून."

तो चिडला. गोंदियाचा त्याच्या ओळखीचा दुकानदार आठ दिवसांत सायकल बदलून देतो किंवा परत घेतो. मुलानं तेच धरलं. आठ दिवसांत नवेगावला जाऊन ये, नाही तर सायकल परत, आणि मग पुन्हा हट्ट करायचा नाही, गाडी मिळेल तेव्हाच जायचं. मी हो म्हटलं.

नातीला घेऊन दुकानात गेले. पायरीवरच सुपारी-तंबाखूच्या खर्र्याची ताजी लाल पिंक. साडीचा काठ उचलून ती ओलांडली तर आत दुकानदार गालात तोच खर्रा धरून, हनुवटी वर करून बोलत होता. दर दोन वाक्यांनी दारापर्यंत जाऊन यायचा.

"माताजी, घुटनेवालों के लिए ये बढ़िया है."

"मी अख्खी आली आहो, भाऊ. नुसते गुडघे घेऊन नाही आली."

त्यानं आधी शिंगं खाली गेलेल्या हँडलची, बांगडीएवढ्या बारीक टायरची सायकल दाखवली. बघूनच तळहातांना मुंग्या आल्या. "हे नाही. याच्या बहिणीनं मले खतात नेलं होतं." नातीनं उंच हँडलच्या, जरा रुंद टायरच्या, चढावर हलक्या पडणाऱ्या गिअरच्या सायकली बाजूला काढल्या. मी मात्र रांगेतल्या एकेका सीटावर अंगठा दाबत चालले होते.

"आजी, आंबे घेऊन राहिली काय?"

"मऊ पाह्यतो."

"सीट अंगठ्यानं नाही पाह्यत. बुडानं पाह्यते."

कोण ऐकतो! मी सगळ्यात मऊ, स्प्रिंगवाली, पाटाएवढी रुंद सीट लावायला सांगितली. बसल्यावर दोन्ही पाय फरशीला टेकेनात म्हणून एक साइज लहान सायकल घेतली. "हवा टंच भरा," हेही वर सांगितलं. चौसष्ट वर्षांची अक्कल घेऊन दुकानात गेले आणि एकोणीस वर्षांच्या बयेनं माझ्या तोंडून खरेदी केली.

मग पुढचे चार दिवस काय सांगू. रोज सकाळी शेजारच्या गावापर्यंत जायचं आणि परत यायचं. तेवढ्यातच मांड्या सोलल्या. त्यावर लावलेलं खोबरेल, घामानं चिकटलेली सलवार, आणि घरी आल्यावर फेंगडं चालत न्हाणीत शिरणं. माझाच वास मला सहन होईना. पाचव्या दिवशी ओसरीवर सायकल आदळली आणि म्हटलं, "भिकार सायकल. देऊन टाका परत."

मुलगा नुसता समजूतदारपणे हसला. त्या हसण्यानं माझं डोकं जितकं फिरलं तितकं सालट्यांनीही फिरलं नव्हतं.

संध्याकाळी नात म्हणाली, "आजी, एक चक्कर मार. मी मोबाईलवर घेतो." मारली. तिनं मला दाखवलं. पडद्यावर सलवार घातलेलं एक म्हातारं बेडूक पॅडल मारत चाललं होतं. गुडघे पार छातीपाशी, बूड गादीत रुतलेलं, दर फेऱ्याला डावीउजवीकडे लोळणारं.

"तू सीट इतकी खाली काऊन ठेवते?" तिनं विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं, की वडीलधारं कुणी समोर आलं तर... आणि तसंच उघडं राहिलं. ज्यांच्यासाठी उतरायचं ते सगळे गेले. सासरे गेले, पारावरचे म्हातारे एकेक करून गेले, हुकूम देणारी आई गेली. आता गावात माझ्याहून मोठी माणसं हाताच्या बोटांवर. त्यातली दोन अंथरुणावर, आणि एकाला मी दिसतही नाही. आणि मी इतकी वर्षं त्यांच्यासाठी गुडघे पोटात घेऊन बसलेली! स्वतःची इतकी किळस मला त्या खतावरही आली नव्हती.

सहाव्या दिवशी परत दुकान. पिंक तिथंच, आता वाळलेली. मी मोठ्या साइजची सायकल मागितली. पॅडल खाली असताना गुडघा किंचितच वाकेल इतकी सीट वर करायला लावली. स्प्रिंगवाली गादी काढून अरुंद, टणक सीट बसवली आणि टायरातली हवा थोडी सोडायला सांगितली. दुकानदार एवढा चक्रावला की खर्रा गिळून बसला.

"माताजी, पाँव नहीं टिकेंगे."

"टेकवायचे कोणासमोर?"

दुसऱ्या दिवशी गावातल्या शाळेच्या मैदानात नातीनं धरून धरून मला चालवायला शिकवलं. चौसष्टाव्या वर्षी! दोनदा पडले, एकदा गटाराच्या कडेला. आणि आठव्या दिवशी पहाट फुटता फुटता निघाले.

रस्ता सुंदर होता वगैरे मी लिहिणार नाही. रस्त्यावर चिरडलेला साप होता, राइस मिलच्या कोंड्याची राख डोळ्यांत जात होती, आणि एका ट्रकवाल्यानं खिडकीतून टाकलेली पिंक माझ्या बाहीवर आली. मी तीन गावांना ऐकू जाईल अशी शिवी दिली. पण बूड दुखत नव्हतं. टणक सीटावर हाडं नेमकी बसली होती. पाठ बापानं सांगितली होती तशी सरळ होती. मधल्या एका गावात पारावर एक म्हातारा बसलेला दिसला आणि माझा डावा पाय आपोआप जमीन शोधायला लागला. जमीन सापडलीच नाही. सापडली नाही म्हणून मी पॅडल मारतच पुढं गेले.

"काऊन वं बुढे, माणसं दिसत नाही काय?" तो ओरडला. माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान असेल मेला.

"दिसते ना!" मी मान न वळवता ओरडले. "म्हणूनच थांबली नाही!"

जंगलातलं ते वळण आलं. मी तिथं थुंकले. ट्रकवाल्यांना शिव्या देणारी मीच. पण त्या बयेसाठी तेवढं पाहिजेच होतं.

मैत्रीण ओसरीवर सुपात तांदूळ पाखडत होती. मी अंगणात शिरले आणि मग लक्षात आलं, उतरायचं कसं ते घाईत विसरले. ओसरीच्या खांबाला मिठी मारून लटकले. ती सूप टाकून, खांब धरत धरत, कण्हत कण्हत उठली आणि दोन पायऱ्या उतरून तिनं हँडल धरलं.

"आली काय वं?"

"आली."

तिनं वाकून पुढचं टायर दाबून पाहिलं. मग माझ्याकडे बघून दात नसलेलं तोंड पसरलं. "हे बी फुटलं नाही."

"हे बी म्हणजे?"

"तेव्हा बी टंच होतं. तू पाणी प्यायला गेली, मी दाबून पाह्यलं. माझं बोट दुखलं. आणि अंगाचा काय तो वास, माय वं! सासू विचारे, पोट्टी गोठ्यातून आली काय?"

पंचेचाळीस वर्षं मी ते टायर फुटलं म्हणून सांगत होते. तिच्या पोरांना, तिच्या सुनांना, त्यांच्या लग्नाच्या मांडवात. तिनं प्रत्येक वेळी मान डोलावली होती.

"मंग बोलली काऊन नाही?"

"तू आली होती ना. खतावर बसून आली का हत्तीवर, मले काय करायचं?"

मला स्वतःची चीड आली आणि डोळेही भरले. तिला वाटलं, कोंड्याची राख.

दुपारी तिचा मुलगा म्हणाला, पिकअपमध्ये सायकल टाकून सोडून देतो. मी नको म्हटलं. आत जाऊन मैत्रीण, माझ्या सायकलचं फोनवर कळल्यापासून सीटावर घालायला शिवलेलं मऊ मऊ कापसाचं गादीचं कव्हर घेऊन आली. झालरीसकट. मी ते तिच्याच पाठीमागं, खांबाशी लावलं. तिला तिथं टेकून बसवलं नि सायकल ओसरीच्या पायरीला लावून चढले.

"पडशीन," ती म्हणाली.

"मंग पुढच्या रविवारी पडली म्हणून सांगायला येईन," मी म्हटलं नि पायरीला पाय देऊन ढकललं.