जपलेली मोटार

डोळा लागता लागता माणसाला जे ऐकू येतं, ते धड घरातलंही नसतं आणि धड स्वप्नातलंही नसतं. दुपारी जेवून डाव्या कुशीवर लवंडलेल्या भूपाल आण्णांना स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येतोय. त्यांची मुलगी पद्मजा भांडी पालथी घालतेय. पण मधेच एखादं झाकण असं पडतं, की कुणी मोटारीचं बॉनेट मिटल्यासारखं वाटतं, आणि चादरीखाली आण्णांचे पाय आखडतात.

आज पुण्याकडची माणसं मोटार न्यायला येणार आहेत.

मोटार म्हणजे मालनची जुन्या विलायती बनावटीची रायली. मालन आण्णांची बायको. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. मिरजेतल्या एका विलायती डॉक्टरनं मायदेशी जाताना ही मोटार मालनच्या वडिलांच्या हवाली केली, आणि वडिलांनी मरताना मुलीच्या. काळ्या द्राक्षासारखा रंग, आत लाकडी पट्टी, आणि वळताना दाराशेजारच्या खांबातून बाहेर येणारा इशाऱ्याचा छोटा नारिंगी हात. अशी दुसरी मोटार आसपासच्या जिल्ह्यांत कुणी पाहिलेली नाही. घरात मोटार चालवायची ती मालन, आणि शेजारी पुस्तक घेऊन बसायचे ते आण्णा. त्यांनाही चालवता येत होती, नाही असं नाही. पण ती शेजारी असली तरच.

मालन गेली आणि आण्णांनी मोटार शेडमध्ये उभी केली. तिच्या जुन्या लुगड्यांची एक मोठी वाकळ शिवून घेतली, ती मोटारीवर घातली. डांबराच्या गोळ्या ठेवल्या. रोज सकाळी वाकळ उचलून फडकं मारायचे आणि पुन्हा पांघरूण घालायचे. किल्ली मात्र कधी फिरवली नाही. आधी वाटलं, काही मोडलं तर. मग वाटलं, इतके दिवस फिरवली नाही, आता फिरवली तर नक्कीच मोडेल. मागे एका मिस्त्रीनं दारातूनच मान वाकवून बघितलं होतं आणि म्हणाला होता, ‘एवढी वर्षं उभी म्हंजे इंजिन जाम झालंच असणार, आण्णा.’ आण्णांनी ते लगेच खरं मानलं. स्वतःच्या विरुद्ध कुणी काही बोललं, की ते त्यांना पुराव्याशिवाय पटतं.

पुण्याकडच्या लोकांनी जुन्या मोटारींचं संग्रहालय काढलंय. ऊन नाही, वारा नाही, धूळ नाही. काचेचं दालन. चाकांखाली ठोकळे, म्हणजे टायरवर भारसुद्धा नको. मोटार चालते का, असं त्यांनी विचारलंच नाही.

जेवताना पद्मजा म्हणाली होती, ‘चालवायची असेल तर काढा बाहेर. ठेवायची असेल तर नीट ठेवणाऱ्याला द्या. सध्या तिला तुम्ही नाही सांभाळत आण्णा, उंदीर सांभाळतायत.’

‘बघू.’

‘आता कधी बघणार? सकाळीच निघालेत ते.’

आण्णांनी ताकाचा पेला खाली ठेवला. ‘ते आले तर मला उठवू नकोस.’

‘म्हणजे द्यायची?’

‘मी पडतो जरा,’ आण्णा म्हणाले.

भांडी थांबतात. पंख्याचा आवाज पातळ होत जातो, सुताएवढा होतो, आणि तुटतो.

आण्णा शेडचं दार ढकलतात. आत नगर वाचनालय आहे. आयुष्यभर ज्या हॉलमध्ये त्यांनी ग्रंथपाल म्हणून मान खाली घालून नोकरी काढली, तोच हॉल. कपाटांच्या दोन रांगांमध्ये मोटार उभी आहे आणि तिच्या पुढच्या काचेवर पांढरी चिठ्ठी डकवलीय: ‘संदर्भासाठी. घरी मिळणार नाही.’ अक्षर आण्णांचंच. कुठूनतरी जुन्या कागदाचा वास येतोय आणि त्या वासात पेट्रोल मिसळलंय. आण्णांना त्यात काही वावगं वाटत नाही.

स्टिअरिंगवर मालन बसलीय. पदर कमरेला खोचलेला, चप्पल काढून बाजूला ठेवलेली. ती अनवाणीच चालवायची. मोटार पायाला कळली पाहिजे, असं तिचं म्हणणं.

‘बसा की,’ ती म्हणते. ‘का पावती फाडू?’

आण्णा दार उघडून बसतात. सीट गार आहे. ‘तू कधी आलीस?’

‘मी कुठं गेले होते? तुम्हीच वरनं वाकळ घातलीत.’

‘थंडी वाजू नये म्हणून.’

‘कुणाला?’

बाहेर कपाटं मागे सरकू लागलीयेत. पुस्तकांच्या पाठी एकामागून एक जातात आणि जाता जाता त्यांचे द्राक्षाचे मांडव होतात, रांगाच रांगा, आणि मांडवांमधून जाणारा मातीचा रस्ता. दंडोबाचा डोंगर दिसतो. तो नेहमी उजवीकडे असतो, आज डावीकडे आहे. मालनचा एक हात खिडकीबाहेर, वाऱ्यात सैल सोडलेला. वारा मात्र नाही.

‘वाचायला काही आणलं नाही?’ ती विचारते.

‘नाही.’

‘मग आज रस्ता दिसेल तुम्हाला. इतकी वर्षं शेजारी बसलात, बेडगच्या फाट्यावर चिंच आहे का लिंब, ते विचारलं तर सांगता यायचं नाही.’

‘चिंच,’ आण्णा म्हणतात, जरा दबकतच.

‘लिंब.’

ती हसते. आण्णांना वाटतं, आता हे असंच चालू राहावं, कुणी काही विचारू नये. पण रस्त्याची माती पांढरी व्हायला लागलीय. पांढरी, मग चकचकीत, मग फरशी. दोन्ही बाजूंना हिरवट भिंती. मोटार इस्पितळाच्या लांब गल्लीतून चाललीय. स्टुलावरची नर्स पाय वर घेते आणि मोटारीला वाट देते. औषधाचा वास येतो. आण्णा डोळे मिटून घेतात, पण स्वप्नात मिटलेल्या डोळ्यांनाही दिसतंच. उघड्या दारापाशी मालन मोटार हळू करते. आत एक खाट आहे, चादर ताणून घातलेली, रिकामी.

‘इथंच म्हणालीस तू,’ आण्णा म्हणतात. त्यांचा आवाज पोरासारखा निघतो. ‘माझा हात धरून म्हणालीस, मोटार जपा. मी जपली. एक ओरखडा नाही. विचार कुणालाही.’

‘जपा म्हणाले होते.’

‘मग?’

‘तुमच्या आई जप करायच्या की नाही? आत्याबाई रोज पहाटे माळ घेऊन बसायच्या. का एकदाच जप करून माळ डब्यात घालून ठेवली होती?’

‘तो जप वेगळा, मालन.’

‘असू दे की वेगळा. तुम्ही पुस्तकातली माणसं. शब्दाचा अर्थ कपाटातनं काढता. मला काय सुचणार होतं तेव्हा, नाकात नळ्या असताना? रोज थोडी फिरवा म्हणायचं होतं. दम पुरला नाही, म्हणून एवढाच शब्द निघाला.’

आण्णा रिकाम्या खाटेकडे बघत राहतात. त्यांना वाचनालयातली एक पोथी आठवते. दुर्मीळ, जिल्ह्यात एकच प्रत. त्यांनीच ती काचेच्या कपाटात ठेवली होती, किल्ली स्वतःच्या जानव्याला, आणि मागायला आलेल्या प्रत्येकाला हात जोडून नाही म्हटलं होतं. निवृत्तीच्या दिवशी बाहेर काढली तर पुठ्ठे होते तसे, आणि आत कसरीनं अक्षर शिल्लक ठेवलं नव्हतं. हे त्यांना आता का आठवावं, ते त्यांना कळतं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटतं.

‘इंजिन जाम झालंय तिचं,’ ते म्हणतात. ‘आता ठेवली काय आणि दिली काय.’

‘कोण म्हणालं?’

‘मिस्त्री.’

‘उघडून बघितलं त्यानं?’

‘दारातनं बघितलं.’

‘आणि तुम्ही?’

गल्ली पुढे रुंद होतेय. भिंती पातळ होतायत, आरपार दिसायला लागतंय, आणि मग चारी बाजूंनी काच. ते दोघं एका मोठ्या काचेच्या खोलीत आहेत. पलीकडून माणसं बघतायत, लहान मुलांना कडेवर घेऊन. कुणीतरी मालनकडे बोट दाखवतं आणि पाटीवरचं वाचून मुलाला सांगतं. मालन खिडकीची काच खाली करायला जाते. खिडकीचं हँडल गोल गोल फिरतं, काच हलत नाही. ती पुन्हा फिरवते. मग हात मांडीवर ठेवते.

आता आण्णांच्या लक्षात येतं की मघापासून आवाजच नाही. मालन चालवत असली की रायली घशातल्या घशात गुणगुणायची. आज नुसती सरकतेय. मांडव गेले, इस्पितळ गेलं, एकदाही गुणगुणली नाही. आणि मालनचे अनवाणी पाय पेडलवर नाहीत. ते तिनं वर घेतलेत, खाटेवर बसल्यासारखे.

‘मालन, तू चालवत नाहीयेस.’

‘नाही.’

‘मग कोण चालवतंय?’

‘कोणी नाही. ओढतायत.’

पाठीमागून साखळीचा आवाज येतो, एक एक कडी ताणली जातेय असा. मोटार जराशी मागे झुकते. आण्णा दाराचा कोपरा घट्ट धरतात. त्यांना म्हणायचं असतं, थांबवा. तोंडातून येतं, ‘बघू.’

‘आता कधी बघणार?’ मालन म्हणते. पद्मजाचं बोलणं तिच्या तोंडी आलंय. पण ती रागावलेली नाही. ती सीटखाली हात घालते आणि वाकडी लोखंडी दांडी बाहेर काढते, पुढून इंजिन फिरवायचं हँडल. त्यांच्या मांडीवर ठेवते. जड आहे. काळं वंगण धोतराला लागतं.

‘उतरा. एकदा मारून बघा.’

‘मला नाही जमायचं.’

‘माहीत आहे. तरी उतरा.’

आण्णा उतरतात. काच नाही, माणसं नाहीत. नुसतं पांढरं ऊन आहे आणि मोटारीचं तोंड. ते वाकून हँडल भोकात घालतात. आत कुठंतरी लोखंडाला लोखंड भेटल्याचं हाताला कळतं. मालन आत चोक ओढते, तो बारीक आवाज त्यांना ओळखीचा आहे.

‘अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा,’ ती खिडकीतून सांगते. आता काच खाली आलीय. ‘मुठीत गुंडाळू नका. चालू होताना ती उलटा झटका देते. बाबांचं मनगट गेलं होतं तसं.’

‘बरं.’

ते ओढतात. दांडी हलत नाही. भिंत ओढावी तसं. म्हणजे मिस्त्री खरं बोलला. त्यांना या गोष्टीचं समाधान वाटतं, आणि त्या समाधानाची त्यांना इतकी लाज वाटते, की ते पुन्हा वाकतात. दोन्ही पाय रोवतात. साखळीचा आवाज आता जवळून येतोय, मोटार हळूहळू त्यांच्यापासून लांब निघालीय आणि तिच्या तोंडातलं हँडल धरून ते तिच्यामागून फरपटतायत. सुटू नये म्हणून ते घट्ट धरतात, दोन्ही हातांनी, अख्ख्या मुठीनं.

‘अंगठा,’ मालन म्हणते. ‘अहो, अंगठा.’

दांडी हलते. जड दळणासारखी अर्धी फिरते, वर येते, आणि आत काहीतरी खोकतं. एकदाच. मोटारीच्या छातीतून ती जुनी गुणगुण उमटते, पुरी ओळसुद्धा नाही, आणि हँडल उलटं फिरून आण्णांच्या हातावर आदळतं.

आण्णा जागे होतात.

पंखा फिरतोय. चादर खाली पडलीय. खिडकीत ऊन उतरलंय. अंगणातून काही आवाज येत नाही, आणि ही शांतता नेहमीची नाही, हे त्यांना बसल्या जागी कळतं. तरी ते चष्मा शोधतात, चपला शोधतात, आणि दाराशी येऊन उभे राहतात.

शेड उघडी आहे. आत चौकोनी, कोरडी, स्वच्छ जमीन आहे. कडेला वाकळ घडी करून ठेवलीय. मातीतून दोन सरळ रेघा फाटकापर्यंत गेल्यात, न फिरलेल्या चाकांच्या, घासत ओढल्यासारख्या.

पद्मजा तुळशीजवळ उभी आहे. तिचे डोळे लाल आहेत. ‘आत्ताच गेले,’ ती म्हणते. ‘तुम्ही म्हणालात म्हणून नाही उठवलं. साखळी लावून ट्रकवर चढवली. मधेच एकदा अडकली हो, हलेचना. मग आपोआप सुटली.’ ती फाटकाकडे बघते. ‘बरं झालं तुम्ही नव्हता. तुम्हाला बघवलं नसतं.’

आण्णा मान हलवतात. हमरस्ता काही लांब नाही. हाक मारली, फोन केला, तर ट्रक नाक्यावर थांबेल. फोन पद्मजाच्या हातातच आहे. आण्णा तिच्या हाताकडे बघतात, आणि मग स्वतःच्या.

उजवा अंगठा लिंबाएवढा सुजलाय. नखाखाली रक्त साकळून काळं झालंय, आणि तळहातावर, मुठीच्या घडीत, वंगणाचा आडवा पट्टा आहे.

‘मोटार चालू होती,’ आण्णा म्हणतात.

पद्मजा पदरानं डोळे पुसते आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे नजर टाकते. ‘ती मघाशीच बंद केली की, आण्णा,’ ती म्हणते. ‘पाणी भरलंय.’