तीन आखूड, एक लांब

शिट्टीकाकांना थापाड्या म्हणणारी माणसं शहरात आता फारशी उरलेली नाहीत. जी होती ती एकेका उन्हाळ्यात उत्सवाला येऊन गेली आणि गप्प बसली. राहता राहिल्या होत्या एकट्या विहीणबाई, आणि सगळा घोळ त्यांच्यापायीच झाला.

काका शहरातल्या मोठ्या बागेचे राखणदार. सकाळी फाटक उघडलं की एक लांब शिट्टी, आणि दिवस मावळला की बाग बंद करायच्या तीन आखूड. माणूस काटकुळा, गणवेश दोन मापं मोठा, पण शिट्टीचा दरारा जबर. आजूबाजूच्या गल्ल्यांतल्या दोन पिढ्या या शिट्टीवर वाढल्या. तीन आखूड कानावर आल्या की चेंडू हातात, अर्धं वाक्य तोंडात, अशी माणसं मुकाट चालू पडायची. बाकड्यावरचं भांडणसुद्धा फाटकाबाहेर जाऊन पुरं व्हायचं.

काका नोकरीला लागले त्याच वर्षी शहराच्या जुन्या सभागृहाचं छत खचलं आणि तिथला वाद्यवृंद उघड्यावर आला. त्याची संचालिका म्हणजे एक ठेंगणी, तापट बाई. तिने बागेच्या साहेबांचं डोकं खाऊन खाऊन एका संध्याकाळची परवानगी काढली. हिरवळीवर सतरंज्या पडल्या, लोक आले, व्हायोलिनं रंगात आली. इकडे दिवस मावळला, आणि काकांनी नेमाप्रमाणे तीन आखूड शिट्ट्या मारल्या.

आता यात त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? गाणं होणार एवढं साहेबांनी सांगितलं होतं, शिट्टी मारू नकोस असं कुठे सांगितलं होतं! बरं, चुकला तो चुकला, ऐकणारेही त्याच बागेतले. आख्खी हिरवळ उठली. का म्हणून कुणी विचारलं नाही. सतरंज्या गुंडाळल्या, पेंगलेली पोरं खांद्यावर टाकली आणि मंडळी निघाली. बाई पाठमोरी, तिला पत्ताच नाही. टाळ्या घ्यायला वळली तर समोर नुसतं गवत.

“कोण तो शिट्टीवाला?” बाई कडाडली.

“मी, बाई.”

“बोलाव त्यांना परत!”

“बोलवायची शिट्टी नाही आमच्याकडे. उघडायची आहे, पण ती सकाळी मारतात.”

“मग सकाळ झाली असं समज आणि मार!”

काकांनी छातीत दम भरून एक लांब मारली. फाटकापर्यंत पोचलेली माणसं थबकली, एकमेकांकडे बघून खो खो हसली आणि आपापल्या जागी येऊन बसली. त्यानंतरचं वादन म्हणे इतकं रंगलं, की बाईने पुढच्या वर्षीची परवानगी मागताना शिट्टीवालाही मागून घेतला.

सभागृहाचं छत पुढे नीट झालं, पण उन्हाळ्यातल्या त्या संध्याकाळी काही आत गेल्या नाहीत. एकीच्या चार झाल्या. आज तळ्यात होड्या सोडतात आणि होड्यांतून बासऱ्या वाजतात. थोरल्या झाडाखाली पोरांसाठी डबे, पातेली आणि झाकणं मांडलेली असतात, तिकडे शहाण्या माणसाने फिरकू नये. वाद्यं बनवणारे आपली दुकानं मांडून बसतात आणि हात लावू देतात. कारंज्याजवळ एक गोल कट्टा आहे, तिथे कुणीही उठावं आणि गावं, नाव-गाव कुणी विचारत नाही. लांबलांबचे नामवंत वादक येतात, त्यांच्यासाठी मोठा मंच, मोठमोठे पडदे. पण माणसं चार शहरं ओलांडून येतात ती खरं म्हणजे शिट्टीसाठी. दिवस मावळताना काका मंचाशेजारच्या चौथऱ्यावर चढतात, तीन आखूड मारतात, आणि सगळं मैदान चटया गुंडाळून उठतं, फाटकाकडे चालू लागतं. मग एक लांब, की सगळे परत. त्याशिवाय उत्सव सुरू झाला असं कुणी मानत नाही.

आता दातांकडे वळू. काकांचे वरचे पुढचे दात बऱ्याच वर्षांपूर्वी गेले होते. उरलेल्या खिंडीत शिट्टी अशी चपखल बसायची, की तिला वेगळं धरायला लागायचं नाही. काकांची काही तक्रार नव्हती. काकूंचीही नव्हती, हिवाळ्यात लेकीच्या लग्नाचे फोटो येईपर्यंत.

त्या लग्नात जेवणं झाल्यावर गप्पा रंगल्या आणि काका बोलून गेले, “माझ्या एका इशाऱ्यावर मैदानभर माणसं उठतात, विहीणबाई. आणि दुसऱ्यावर बसतात.” विहीणबाई एके काळी गाणं शिकवणाऱ्या, ताठ कण्याच्या. त्यांनी ओठ घट्ट मिटून एवढंसं हसू आणलं आणि म्हणाल्या, “असं का?” बस्स, एवढंच. पण काकांच्या मनाला ते लागलं. लेकीने मान खाली घातलेली त्यांनी पाहिली, ते जास्तच लागलं.

“बाबा, सासूबाई येतायत उत्सवाला,” उन्हाळा लागताच लेकीचा फोन आला. “पूर्वी गायच्या, आता गात नाहीत. आवाज बसला म्हणतात. हसतही नाहीत फारशा. पण येते म्हणाल्या.”

काकूंनी लगेच फोटो काढून समोर धरला. “बघा. नवरा-नवरी राहिली बाजूला, तुमचं बोळकंच उठून दिसतंय. विहीणबाईंसमोर पुन्हा हे दाखवायचं नाही. कवळी करून घ्या.”

काकांनी करून घेतली. कवळी सुरेख झाली, काका दहा वर्षांनी लहान दिसायला लागले, काकू दोनदा लाजल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडून त्यांनी शिट्टी तोंडात घातली तर ती बसायची जागाच बुजलेली. फुंकली तर चहाच्या किटलीसारखी फुसफुसली. जोर लावला तर कवळीच सुटून जिभेवर आली.

मोठं त्रांगडं झालं. दात घातले तर शिट्टी नाही, शिट्टी वाजवावी तर दात काढायला हवेत, तेही पडद्यावर आपलं तोंड हत्तीएवढं दिसत असताना आणि पहिल्या रांगेत विहीणबाई बसलेल्या असताना. काका माळ्याच्या खोलीत दार लावून सराव करत राहिले, कधी डाव्या गालातून, कधी उजव्या. माळी दाराला कान लावून विचारायचा, “काका, आत मांजर कोंडलंय का?”

उत्सवाची संध्याकाळ आली. “काढणार नाही ना?” काकूंनी निघताना विचारलं. “नाही,” काका म्हणाले, आणि तेव्हा ते खरंच तसं ठरवून होते.

चौथऱ्यावर चढले तसा मैदानावरचा गलका शांत झाला. पहिल्या रांगेत काकू, लेक, जावई आणि मधोमध विहीणबाई, ओठ मिटून. काकांनी शिट्टी गालात सरकवली, छाती फुगवली, फुंकली. फुस्स! कवळी निसटली, ओठांनी कशीबशी अडवली. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. काकांनी पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच.

मैदान वाट बघत होतं. कितीतरी जण अर्धे उठून, चटईचं टोक हातात धरून थांबले होते, पण शिट्टीशिवाय पुरतं कुणी उठेना. लेकीची मान पुन्हा खाली गेली होती. ती तशी बघवेना काकांना. काकू डोळे वटारून नको नको म्हणत होत्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मनातल्या मनात माफी मागितली, तोंडात बोटं घातली, कवळी काढली आणि रुमालात गुंडाळून खिशात टाकली. सगळं पडद्यावर.

मग तीन आखूड मारल्या. अशा खणखणीत, की तळ्यातल्या होड्यांवरचे वादकही उठून उभे राहिले.

आख्खं मैदान उठलं. चटया गुंडाळल्या, पोरं खांद्यावर गेली, लोंढा फाटकाकडे वळला. विहीणबाई बसून बघतच राहिल्या. मग लेकीने हात धरला तशा उठल्या आणि त्या गर्दीबरोबर चालायला लागल्या, वळून वळून चौथऱ्याकडे बघत. काकांनी त्यांना फाटकापर्यंत जाऊ दिलं. जरा जास्तच जाऊ दिलं म्हणा ना! मग एक लांब मारली.

माणसं हसत परतली. लेक सगळ्यांच्या पुढे, मान ताठ, कुणाला तरी सांगत होती, “माझे बाबा आहेत ते.” तिच्यामागून विहीणबाई आल्या त्या जागेवर न बसता थेट चौथऱ्याशी. काकू घाईघाईने मागोमाग, चेहरा पडलेला.

“व्याहीबुवा,” विहीणबाई हळूच म्हणाल्या, “जोर लावला की सुटते का हो तुमची?”

“सुटते काय, उडते!”

“माझी तान घेताना उडाली होती. भर कार्यक्रमात, पेटीवर जाऊन पडली.” त्यांनी इकडे तिकडे बघितलं. “तेव्हापासून गाणं बंद. हसायचंसुद्धा बेतानेच.”

काका चाट पडले. म्हणजे ते मिटलेले ओठ! हिवाळ्यापासून आपण नाक वर करणं समजत होतो ते हे होतं तर. त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि लगेच हसू आलं. बोळकं पुरतं उघडं टाकून ते हसले.

“अहो विहीणबाई, शब्दांना दात लागतात. आलापाला कशाला लागतायत?”

दुसऱ्या दिवशी दुपारी विहीणबाई कारंज्याजवळच्या गोल कट्ट्यावर चढल्या. खाली बसल्या, डोळे मिटले आणि नुसता आकार लावला. आवाज बसलेला वगैरे काही नव्हता. थोरल्या झाडाखालची पोरं हातातली झाकणं तशीच धरून ऐकायला आली. लेक रडत होती आणि काका तिला, “अगं, वेडे,” असं म्हणत स्वतःच डोळे पुसत होते.

काकू गर्दीच्या कडेला पर्स छातीशी धरून बसल्या होत्या. आत जपून गुंडाळलेले दोन रुमाल होते, एक निळा आणि एक पांढरा. कुठला कुणाचा हे त्या मनाशी घोकत होत्या, आणि गाणं संपूच नये असं त्यांना वाटत होतं.