डहाणूची वखार आणि हंसाबेनचे प्रश्न

हंसाबेन गेल्याचं तिच्या मुलानं फोनवर कळवलं. त्याला महिना होऊन गेला, तरी तिच्याबद्दल ‘होती’ म्हणताना अजून जीभ अडखळते...

ऐंशीच्या दशकात माझ्या यजमानांची रेल्वेत डहाणूला बदली झाली. आमच्या क्वार्टर्ससमोर हंसाबेनच्या सासऱ्यांची गवताची वखार होती. तलासरीकडच्या माळांवरचं गवत तिथे दाबून गासड्या बांधत आणि मालगाडीनं त्या मुंबईच्या तबेल्यांना जात. हंसाबेन नवसारीकडून लग्न होऊन आलेली. मराठी शिकली ती बाजारात आणि माझ्याशी गप्पा मारत. हा रस्ता इथेच का वळतो, ती वाडी आधी कोणाची होती... विचारल्याशिवाय बाई पुढे जायचीच नाही.

पुढे गवतासाठी वॅगन मिळेनाशा झाल्या. वखारीला कुलूप लागलं. सासरे, म्हणजे आम्हा सगळ्यांचे बापुजी, ओट्यावर त्या कुलपाकडे बघत बसून राहायचे. जेवण तुटलं, बोलणं तुटलं. हंसाबेनचा नवरा समजावून थकला. तिनं समजावलं नाही. एका सकाळी चहा देता देता विचारलं, “बापुजी, गाव तिकडे खाडीवर, मग बाजार इथे स्टेशनापाशी कसा?”

 दुसऱ्या दिवशी बापुजी टोपी घालून उभे राहिले. “चल, दाखवतो. सुमनबेनला पण बोलाव.” सुमनबेन म्हणजे मी.

खाडीकाठी त्यांनी आम्हाला मोडका धक्का दाखवला. त्यांच्या आजोबांचं दुकान तिथे होतं, माल होडीनं यायचा. रेल्वे आली, स्टेशन गावाबाहेर रानात झालं, आणि एकेक व्यापारी तिकडे सरकला. “आमचे दादा सगळ्यांत शेवटी हलले,” बापुजी आजोबांबद्दल म्हणाले. “लोक हसायचे.”

हंसाबेन धक्क्याच्या टोकापर्यंत जाऊन आली. मग म्हणाली, “म्हणजे आपण होडीवरून गाडीवर आलो... तर आता गाडीवरून ट्रकवर का नाही?”

बापुजी कितीतरी दिवसांनी हसले. “पोरी, तू इतिहास विचारत होतीस की धंदा?”

“ते मला नाय माहीत. मी फक्त विचारलं.”

त्याच आठवड्यात बापुजी हायवेवरच्या अच्छाडच्या ढाब्यांवर ट्रकवाल्यांशी बोलून आले. वखार बंद असताना तबेलेवाले दुसरीकडून गवत घेऊ लागले होते, त्यामुळे गवताला आता गिऱ्हाईक उरलं नव्हतं, पण बोर्डीच्या चिकूला थेट दिल्लीपर्यंत होतं. वखार उघडली. गासड्या बांधणारेच हात चिकूच्या पेट्या भरू लागले.

नव्वदच्या दशकाअखेर आम्ही ठाण्याला आलो. दर रविवारी हंसाबेनचा फोन यायचा. शेवटच्या फोनवर तिनं विचारलं, “तुमच्या घरामागे तळं आहे ना, ते कोणी खोदलं?”

“मला काय माहीत!”

“अगं सुमनबेन, इतकी वर्षं राहतेस, आणि विचारलं नाहीस?”

परवा मी खाली उतरले. तळ्याकाठी फुलं विकणाऱ्या आजींशेजारी बसले आणि विचारलं. आजी बराच वेळ बोलत राहिल्या. पूर्वी या तळ्याकाठी तबेले होते आणि त्यांचं गवत डहाणूहून यायचं, असं त्या म्हणाल्या तेव्हा मी पुन्हा विचारून खात्री केली.

रविवारी सकाळी सवयीनं फोनजवळ जाऊन बसले. सांगण्यासारखं केवढं होतं...