चौथा खांदा

कॉलेजात माझी एका मुलाशी ओळख झाली. तो वसईच्या पश्चिमेकडच्या एका ख्रिस्ती गावात राहायचा आणि आम्ही नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमध्ये. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. त्याच्या कुवेतच्या मामाने त्याला एका खेळाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक पाठवलं होतं. त्या खेळात एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे तिच्यातली माणसं होतात. आपल्या माणसाने काय करायचं ते बोलून सांगायचं; जमलं की फसलं ते फासा ठरवतो. वीस बाजूंचा फासा आम्हाला कुठे मिळाला नाही, म्हणून बिस्किटाच्या डब्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या.

रविवारी दुपारी, त्यांची चर्चमधली मिस्सा आणि जेवण उरकलं की आम्ही चौघं त्याच्या ओटीवर बसायचो. गोष्ट तो सांगायचा. खेळणारे तिघं: मी, त्याची आतेबहीण आणि जवळच्या जूचंद्र गावचा एक मुलगा. जूचंद्रच्या मुलाचा हात रांगोळीत बसलेला, त्यामुळे गुहेचा नकाशा फरशीवर खडूने तोच काढायचा, चौकोन पाडून. माणसांच्या जागी आम्ही बटणं आणि चिंचोके ठेवायचो. मी चिंचोका होते.

भांडणं त्यावरूनच व्हायची. चिंचोका धक्क्याने सरकायचा आणि मी दाराआड होते की उघड्यावर, यावर अर्धी दुपार जायची. एकदा आवाज फार चढले तेव्हा मित्राचे वडील आतून आले. ते धातूच्या ओतकामाच्या एका कारखान्यात लाकडी साचे करायचे. कारखाना बंद पडल्यापासून घरीच असत; सकाळी वाडीतल्या केळींना पाणी घालत आणि उरलेला दिवस फारसं कुणाशी बोलत नसत. घरात ते त्यांच्या बोलीत बोलत, माझ्याशी मात्र शाळेतल्या मराठीत, जरा जपून.

"कोण कुठे उभा आहे ते कळत नाही, म्हणून भांडता?" त्यांनी विचारलं.

मित्र म्हणाला, "पप्पा, परदेशात या खेळासाठी छोट्या मूर्ती मिळतात. इथे नाही मिळत."

त्यांनी एक चिंचोका उचलून पाहिला. "हा कोण?"

"मी," मी म्हटलं. "म्हणजे, सैन्य सोडून आलेली एक बाई आहे. तलवार चालवते."

"डावखुरी की उजवी?"

मी कधी विचारच केला नव्हता. मी स्वतः डावखुरी. आईने जेवताना उजव्या हाताची सवय लावली होती, ती लागलीही होती.

"डावखुरी," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी तीन लाकडी माणसं तयार होती, बोटाच्या दोन पेरांएवढी. माझी बाई किंचित पोक काढून उभी होती. असं का, विचारलं तर म्हणाले, "सैन्यातून चालत आली ना? दमली असेल." त्यानंतर खेळताना मी तिला धावायला लावायची नाही. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. भांडणं थांबली. जो जिथे उभा, तो तिथे.

तीन-चार महिन्यांनी माझी बाई मेली. गुहेच्या सर्वांत खालच्या मजल्यावर एका आठ पायांच्या मोठ्या कोळ्याशी गाठ पडली आणि मी डब्यातून सगळ्यांत वाईट, एकचा आकडा काढला. मित्राने पुस्तक चाळलं, पुन्हा चाळलं आणि म्हणाला, "सॉरी." दुःख वगैरे झालं नाही. त्याने थोडं खोटं बोलायला हवं होतं, एवढंच वाटलं. मी मूर्ती आडवी केली आणि जूचंद्रचा मुलगा कोळ्यावर तुटून पडला.

वडील सुकेळी, वाडीतली वाळवलेली केळी, घेऊन बाहेर आले. बशी ठेवताना त्यांना ती दिसली.

"ही अशी का टाकलीय?"

"मेली, काका."

"मेलेल्याला असं टाकतात?"

 त्यांनी ती उचलून खिशात घातली आणि आत गेले.

आठ दिवसांनी त्यांनी नवी मूर्ती आणली. तीच बाई, पण निजलेली. छातीपर्यंत चादर, हात जुळवलेले, डाव्या बाजूला तलवार. ती दोन चौकोन अडवत होती. त्यांनी ती नकाशावर नेमकी तिच्या जागी ठेवली आणि पहिल्यांदाच आमच्याजवळ खाली बसले.

जूचंद्रचा मुलगा म्हणाला, "खजिना पुढच्याच खोलीत आहे. घेऊ, मग बघू हिचं."

"मी हिला सोडून येणार नाही," आतेबहीण म्हणाली.

मित्र पुस्तकात शोधत होता. मारायचे नियम पानोपानी होते, उचलून न्यायचा एकही नव्हता.

"खांदे किती?" वडिलांनी विचारलं.

आम्ही मोजले. आतेबहीण, जूचंद्रचा मुलगा आणि गोष्टीतला एक वाटाड्या. तीन.

ते उठून आत गेले आणि एक अर्धवट कोरलेला म्हातारा घेऊन आले. नाक-डोळे नव्हते, टोपी तेवढी होती. "हा गावातला आहे," ते म्हणाले. "बोलावलं की येतो."

ती सगळी दुपार मला वर न्यायला लागली. तीन मजले. अरुंद जागी दर वेळी चिठ्ठी काढायची. वडील आपल्या बोलीत सांगत, हळू, आता खांदा बदला, आता पाय आधी घ्या. मला करण्यासारखं काही नव्हतं. मी भिंतीला टेकून बघत बसले. गुहेच्या तोंडाशी मित्राने राक्षसांची टोळी ठेवली होती, कॅरमच्या सोंगट्यांची.

जूचंद्रच्या मुलाने "तलवार काढतो" म्हणत डब्याकडे हात नेला. वडिलांनी त्याच्या मनगटाला हात लावला आणि सोंगट्यांकडे बघून म्हणाले, "आधी हिला जाऊ द्या. मग भांडू."

 राक्षसांच्या वतीने उत्तर मित्रालाच द्यायचं होतं. त्याने डबा पुढे केला नाही. "सरकतात," तो म्हणाला. वडिलांनी एकेक सोंगटी बोटाने बाजूला केली.

बाहेर आल्यावर पुरायचं कुठे, यावर चर्चा झाली. मला विचारलं. मी म्हटलं, पाण्याजवळ.

नंतर मी दुसरं माणूस घेतलं, एक जादूगार. वडील पाच-सहा रविवार खेळले. त्यांच्या म्हाताऱ्याने कधी हत्यार घेतलं नाही. आम्ही पुन्हा मारामाऱ्यांत रमलो तसा त्यांना कंटाळा यायला लागला. एके दिवशी म्हणाले, "याला इथे काही काम नाही," आणि वाडीत निघून गेले. त्यांना बोलवायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. वर्षभरात परीक्षा आल्या, आतेबहीण नर्सिंगला गेली आणि खेळ बंद पडला. पुस्तक मित्राने मला दिलं. त्यातलं मी पुढे काही वाचलं नाही.