जवळा पोटात, पिशवी धुऊन

यशोदाबाई सानपाड्यात निखिलच्या दुकानासमोर उभ्या राहून एका रिकाम्या पिशवीचा वास घेत होत्या. पिशवी त्यांच्याच सुक्या जवळ्याची होती. शेजारच्या सोसायटीने ती कचऱ्यातून काढून दुकानात परत पाठवली होती.

"मावशी, माल तुमचा एक नंबर," निखिल म्हणाला, "पण ही चकचकीत पिशवी भंगारवालासुद्धा घेत नाही. वर वास मारते. सोसायटीवाले माझ्या नावाने शंख करतात. असंच चाललं तर मला तुमचा माल ठेवता यायचा नाही."

"जवळ्याला वास येनार नाय, तर मोगऱ्याला येनार?" यशोदाबाई फणकारल्या. पण पिशवी मात्र त्यांनी कमरेला खोचली. त्यांचा उरणचा जवळा ठेवणारं हे एकच दुकान होतं. ते सुटलं, तर घरचा धंदाच बसला असता.

सून ईश्वरीने चौकशी केली. पाकिटांवर पुनर्वापराचं चिन्ह देणारी एक योजना होती. सभासद झालं की तिथली माणसं योग्य पिशवी सुचवत, ती तपासून घेत आणि मगच रिकामी पिशवी कुठे टाकायची हे सांगणारं चिन्ह छापू देत. चकचकीत पिशवी गेली, एकाच जातीच्या प्लास्टिकची पारदर्शक पिशवी आली. आतला जवळा लख्ख दिसू लागला. यशोदाबाई खूश. "आपल्याला लपवायचं काय हाय?"

नवा माल दुकानात गेला आणि निखिलने पाकीट मोठ्याने वाचलं. वर ठळक अक्षरांत नाव, त्याला चिकटूनच खाली चिन्हाची ओळ.

"सुका जवळा. सुक्या कचऱ्यात टाका! मावशी, मग मी विकू कशाला? थेट घंटागाडीतच देतो की!"

गिऱ्हाइकं खो खो हसली. छपाई ईश्वरीने करून घेतली होती; तिचा चेहरा पडला. यशोदाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"हसू दे गं. हसतान म्हंजे वाचतान. एवढी वर्सं माजी पिशवी कोनी वाचली व्हती?"

त्या दिवशी त्या दुकानातच थांबल्या. जो कोणी पाकीट उचलेल त्याला हसत बजावत राहिल्या, "जवळा पोटात, पिशवी धुऊन सुक्या कचऱ्यात!"

ईश्वरीने विचारल्यावर योजनेच्या माणसांनी सांगितलं, चिन्ह बदलता येत नाही. पण ते मागच्या बाजूला घ्या, सोबत तुमची ओळ खुशाल छापा. पुढच्या खेपेला तीच ओळ छापून आली. सोसायटीतल्या पोरांनी ती तोंडपाठ केली, आयांनी पिशव्या धुतल्या, भंगारवाला त्या बिनतक्रार नेऊ लागला. निखिलने जवळा फिनेलशेजारच्या कोपऱ्यातून उचलून गल्ल्यासमोर मांडला. मग वाशीच्या एका दुकानदाराने आपणहून विचारणा केली. चिन्ह असलेलीच पाकिटं तो ठेवायचा.

"आता कसं?" निखिलने विचारलं.

"आता तुजं दुकान सोडून दुसरीकडं जाऊ काय, त्याचा विचार करतंय," यशोदाबाई म्हणाल्या, आणि त्याच्या तोंडाकडे बघून हसत सुटल्या.

त्यांनी दुकान सोडलेलं नाही. उरणला घरामागच्या शेडमध्ये त्या आता जवळ्याबरोबर सोडे आणि बोंबीलही भरतात, आणि दर बुधवारी माल घेऊन सानपाड्याला येतात.