रुमालाखालचं बोट

वैशाखात लग्न लागलं आणि मी वलगाव सोडलं. बैलगाडी बडनेरा स्टेशनकडे निघाली तेव्हा बाबा चाकाला हात लावून उभे होते. रडले नाहीत. एवढंच म्हणाले, "व्यापाऱ्याच्या घरी चालली हायेस बाई. हात देशीन तं बोटं मोजून वापस घेजो."

बापू, भावा, तू मागे मळ्यात राहिलास, म्हणून तुलाच लिहिते. तुझ्या पोरांना खरं वाटणार नाही, पण तेव्हा बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबायची. एक बोट म्हणजे पोत्याला रुपया, पूर्ण पंजा म्हणजे पाच, बोट मधूनच मोडलं तर आठ आणे. बाबांनी मला हे खेळ म्हणून शिकवलं होतं. त्यांचं गाऱ्हाणं मात्र एकच असे, "पावसाच्या झडीत माल सडते, अन् माल पिकला तं भाव नाई."

माझ्या पहिल्याच हिवाळ्यात अकोल्याला थंडी पडली नाही. उबदार हवेत साऱ्या वऱ्हाडातली वांगी एकदम निघाली. अमरावतीत कुणी पोत्याकडे बघेना, म्हणून बाबा ट्रकमध्ये पोत्यांवर बसून इकडे आले. माझे सासरे, मामाजी, भाजीचे ठोक व्यापारी. इवाई, म्हणजे व्याही आहेत, सांभाळून घेतील, एवढीच बाबांची आशा.

मामाजींशी सौदा करून बाबा दुपारी घरी टेकले. लेकीच्या घरचं पाणीही बाप पीत नाही. ओठ सुकले होते, तरी तांब्या तसाच राहिला. शेजारी मामाजी पान लावत बसलेले, त्यामुळे मला भाव विचारता येईना. मी पदर पुढे केला. बाबांनी त्याखाली माझं एक बोट धरलं आणि मधूनच मोडलं.

ट्रकचं भाडंही निघालं नव्हतं. मामाजी हसून म्हणाले, "इवाईबुवा, धंद्यात नातं आणलं तं दुकानाले कुलूप लागते." संध्याकाळी त्याच वांग्यांची भाजी मी केली. सगळ्यांनी मागून घेतली.

बाबा पुन्हा अकोल्याला आले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीनं आपली झाडं उभी जळाली. मायनं कुणाकडून तरी कार्ड लिहवून घेतलं होतं, मळ्यात एक वांगं नाही, बाबा कोणाशी बोलत नाहीत. अकोल्याचे नदीकाठचे मळे मात्र वाचले, आणि त्यांतलं उभं पीक मामाजींनी आधीच उक्तं, एकरकमी घेऊन ठेवलं होतं. भाव पंजाच्याही वर गेला. मामाजींनी पेढे आणले. पहिला मला दिला, म्हणाले, "सुनेचा पायगुण हाये."

कार्ड कमरेला खोचलेलं होतं. मी पेढा खाल्ला. तुला खरं सांगते बापू, गोड लागला.

माहेर विचारलं की अजून वलगावच सांगते. पण हिवाळ्यात गार वारं सुटलं की मला आधी दुकानातला भाव आठवतो, आणि मग तुझी झाडं. माझं घर कुठलं, ते मला तेवढ्यावरून कळतं.